गॅरेजमधलं शहात्तर साल

गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी एका टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये एकोणीसशे शहात्तर सालचा फॉर्म्युला वन मोसम संपला. हजर माणसं अकरा होती. हाच मोसम पूर्वी एकदा जपानमध्ये, खऱ्या गाड्यांनिशी संपला होता, त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. गॅरेजमध्ये तो गेली सात वर्षं दरवर्षी संपतो. गॅरेज माझ्या शेजाऱ्याचं आहे. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या आधाराने मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, की घडून गेलेल्या गोष्टीची इतकी काळजी घेणारा दुसरा माणूस जगाच्या पाठीवर नाही.

पद्धत अशी. मोसम जुलैच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. तेव्हा शर्यती सोळा झाल्या होत्या, म्हणून रविवारही सोळा, आणि क्रम तोच. सकाळी अकराला दोन्ही गाड्या बाहेर काढून गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात. त्या रविवारचा मार्ग शेजाऱ्याने आदल्या दिवशी फरशीवर खडूने आखलेला असतो, वळणांसकट. त्यावर खेळण्यातल्या गाड्या. स्वीडनची शर्यत सहा चाकांच्या गाडीने जिंकली होती, म्हणून त्याने मुलीच्या दोन गाड्या कापून एकमेकींना चिकटवल्या. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि तिने ती गोष्ट अजून माफ केलेली नाही. मग तो हातात कागद घेऊन उभा राहतो आणि शर्यत सांगतो. वाचत नाही, सांगतो. मधे चहा आणि पोहे. ड्रायव्हरांची नावं घ्यायला बंदी आहे, कारण नाव कळलं की लोक घरी जाऊन शोधतात. त्यामुळे अजिंक्यपदासाठी झुंजणारे ते दोघे गॅरेजमध्ये 'ऑस्ट्रियावाला' आणि 'इंग्रज' एवढ्याच नावांनी राहतात. शिरताना प्रत्येकाने आपला फोन दाराशी ठेवलेल्या कुकरमध्ये टाकायचा आणि कुकरला झाकण लागतं. "सोळा रविवार माझा पाच लिटरचा कुकर मोबाइल शिजवतो," असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. एक नियम आणखी कडक आहे: ज्याला निकाल माहीत नाही असा निदान एक माणूस हजर पाहिजे. तो नसेल तर मोसम रद्द. एरवी आमच्या भागात पुण्या-नागपूरहून दरवर्षी कोणी ना कोणी नव्याने बदलून येतं, त्यामुळे टंचाई पडलेली नाही. बाकीच्यांनी सात वेळा ऐकलेलं असलं तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा ठेवायचा. ज्याचा चेहरा फुटतो त्याला पोहे नाहीत.

हे वेड कुठून आलं, ते त्याने मला ऑफिसला जाताना गाडीत सांगितलं. नागपुरात बारा वर्षांचा असताना सीताबर्डीच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला शहात्तरच्या मोसमाचं परदेशी वार्षिक मिळालं. चित्रं होती, आकडे होते, शर्यतीमागून शर्यत होती, फक्त शेवटची पानं नव्हती. पंधरा शर्यती झाल्या, ऑस्ट्रियावाला तीन गुणांनी पुढे, आणि पुस्तक संपलं. नागपुरात विचारायचं कुणाला? वडील म्हणाले, गणित कर. त्याने गणित केलं. शेवटच्या शर्यतीत कोण कितवा आला तर काय होईल, याच्या सगळ्या शक्यता त्याने दोन वह्यांत मांडल्या. नऊ वर्षं तो थांबला. मग इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेजसमोर इंटरनेटची दुकानं निघाली आणि त्याला उत्तर मिळालं. "दहा सेकंद लागले यार," तो मला म्हणाला. "नऊ वर्षांचं काम दहा सेकंदांत. आपण काय मिळवलं तेच कळलं नाही. बाहेर येऊन मी समोसा खाल्ला." त्या समोशाचं त्याला अजूनही वाईट वाटतं.

शर्यतींचा एवढा भक्त, म्हणून तो गाडी जोरात हाकत असेल असं कुणाला वाटेल. पंचावन्न मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो चोपन्नने जातो. एकदा शाळेची पिवळी बस आम्हाला मागे टाकून गेली. मागच्या सीटवरून त्याची मुलगी म्हणाली, "डॅड, बसमधली मुलं आपल्याला वेव्ह करतायत." तो म्हणाला, "आपण लीडमध्ये आहोत. लीडमध्ये असताना रिस्क घ्यायची नाही." आपण कुणाच्या पुढे आहोत, हे तिने विचारलं नाही. पेट्रोल भरताना मात्र तो बदलतो. पंपावर गाडी थांबताच वहिनींनी उजवीकडची काच पुसायची, मुलीने कचऱ्याची पिशवी टाकायची, त्याने नळी लावायची, आणि तिघांनी एकाच वेळी परत बसायचं. एका खेपेला वहिनी आत चिवड्यासारखं काही मिळतंय का बघायला गेल्या. तो त्यांना न घेताच निघाला आणि चौकातल्या सिग्नलवरून परत आला. वहिनी त्यावर चार दिवस बोलल्या नाहीत. त्याने ते चार दिवस 'पेनल्टी' म्हणून मान्य केले.

त्याच्या खिशात कायम मोजपट्टी असते. शहात्तरमध्ये स्पेनची शर्यत इंग्रजाने जिंकली, पण मोजल्यावर त्याची गाडी नियमापेक्षा एक पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटर रुंद निघाली आणि विजय काढून घेतला गेला. दोन महिन्यांनी अपिलात तो परत मिळाला. गॅरेजमध्ये हा निकाल तब्बल चार शर्यतींनंतर जाहीर होतो. तोवर गॅरेजमधल्या गुणफलकावर इंग्रजाच्या नावावर काट असते आणि लोकांनी नीट भांडावं अशी शेजाऱ्याची अपेक्षा असते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीच्या असोसिएशनने त्याला पत्र पाठवलं, की तुमची फुलझाडांची पेटी हद्दीच्या दोन इंच बाहेर आहे, हलवा. तो सभेला गेला, मोजपट्टी टेबलावर ठेवली आणि स्पेनचं प्रकरण पहिल्यापासून सांगायला लागला. मी तिथे होतो. अपील दाखल होण्यापर्यंतचा भाग सांगून होईतो पस्तीस मिनिटं झाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, पेटी राहू द्या. त्याने त्यांचे आभार मानले आणि उरलेला भाग सांगितला.

गेल्या वर्षी त्याला नवा श्रोता मिळेना. जुलै संपत आला तरी नव्याने कुणी आलं नव्हतं. तेव्हा माझे वडील सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आमच्याकडे आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी बस चालवण्यात गेली, त्यातली बरीच आंबा घाटात. हर्नडनमध्ये त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी ते खिडकीत बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघायचे आणि कुणी वळताना हात दाखवला नाही की मला आतून बोलावून सांगायचे. शेजाऱ्याने त्यांना घरी येऊन बोलावणं केलं. पहिल्या रविवारी अण्णा पोह्यांसाठी गेले. ब्राझीलची शर्यत संपल्यावर त्यांनी मत दिलं, "गोल फिरून परत हितंच यायचं, तर गेलाच कशाला?" शेजारी म्हणाला, "अण्णा, तुम्ही कोल्हापूर-रत्नागिरी-कोल्हापूर तीस वर्षं केलंत." अण्णा म्हणाले, "माझ्या गाडीत माणसं होती."

पुढच्या रविवारी ते साडेदहालाच जाऊन बसले. बेल्जियमपर्यंत त्यांची बाजू ठरली होती. "तो ऑस्ट्रियावाला गाडी जपतो. इंग्रज गाडी तोडतो. असल्या माणसाच्या हातात मी सायकल दिली नसती." ते टायरचं विचारायचे, ब्रेकचं विचारायचे, पावसात काच पुसायची काय सोय असते ते विचारायचे. शेजाऱ्याला सात वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. तो शनिवार-शनिवार बसून उत्तरं शोधायला लागला. एकदा वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "अण्णा आले तेव्हापासून हा आनंदाने वेडा झालाय. आधी नुसता वेडा होता."

दहावी शर्यत जर्मनीची. तिच्यात ऑस्ट्रियावाल्याची गाडी कठड्यावर आदळली, पेटली, आणि मागून येणाऱ्या चार ड्रायव्हरांनी थांबून त्याला आगीतून बाहेर ओढलं. शेजाऱ्याने एवढं सांगितलं, इंग्रज जिंकल्याचं सांगितलं आणि कागद मिटला. अण्णा त्या दुपारी जेवले नाहीत. सोमवारी सकाळी ते मागच्या कुंपणाशी उभे होते. शेजारी कचऱ्याचा डबा बाहेर काढत होता.

"जगला का?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, रविवारी सांगतो."

"अरे, माणूस दवाखान्यात पडलाय आणि तू रविवार काय म्हणतोस?"

सात वर्षांत पहिल्यांदा नियम वाकला. त्या दिवसापासून गॅरेजच्या दारावर रोज सकाळी एक कागद चिकटवलेला असायचा. 'फुप्फुसं भाजली आहेत. शुद्धीवर आहे.' 'पाद्री येऊन शेवटची प्रार्थना म्हणून गेले.' त्यावर अण्णा म्हणाले, "पाद्री कशाला बोलावला? त्यानं माणूस खचतो." दुसऱ्या दिवशीचा कागद होता: 'खचलेला नाही. चिडला आहे.' मधल्या दोन शर्यती ऑस्ट्रियावाल्याशिवाय झाल्या. तेराव्या रविवारी, दिवाळीत, इटलीची शर्यत आली, आणि खऱ्या हिशोबाने सहा आठवड्यांपूर्वी भाजलेला माणूस डोक्याला पट्ट्या बांधून गाडीत बसला आणि चौथा आला. अण्णांनी घरून चकल्यांचा डबा आणला होता. तो त्यांनी स्वतः उठून सगळ्यांना फिरवला. मग बसता बसता म्हणाले, "सहा आठवड्यांत कामावर? रजा शिल्लक नव्हती काय त्याची?"

पंधरा शर्यती झाल्या तेव्हा फलकावर आकडे होते अडुसष्ट आणि पासष्ट. ऑस्ट्रियावाला तीन गुणांनी पुढे. शर्यत एक उरली होती, जपानची, आणि अण्णांचं परतीचं विमान त्यानंतरच्या मंगळवारी होतं. ज्यांना निकाल माहीत होता ते सगळे अस्वस्थ झाले. अण्णांच्या माणसाने ते अजिंक्यपद एका गुणाने घालवलं होतं, आणि तेही अपघाताने नाही, गाडीतून आपणहून उतरून. शनिवारी संध्याकाळी आम्ही चारपाच जण शेजाऱ्याच्या अंगणात जमलो. कोपऱ्यावरच्या घरातले पुणेकर गृहस्थ म्हणाले, "एका गुणाचा तर प्रश्न आहे. देऊन टाक. अण्णा कुठे तपासायला जाणार आहेत?"

"तुम्ही द्याल हो," शेजारी म्हणाला. "तुमचा नाही तो."

"मग इंजिन बंद पडलं म्हण. नशीब म्हणून माणूस सोडून देतो. आपणहून उतरला हे त्यांना पटायचं नाही."

शेजारी उठून गॅरेजमध्ये गेला. लोक गेल्यावर त्याने मला थांबवलं. तो खडूने जपानचा मार्ग आखत होता. "मी विचार करत होतो, शेवटची पानं फाटली आहेत म्हणून सांगावं," तो म्हणाला. "मी नाही का नऊ वर्षं काढली? पण अण्णा..." त्याने एक वळण पुसून पुन्हा आखलं. मग त्याने विचारलं, "तू काय म्हणतोस? वडील तुझे आहेत."

मी म्हणालो, मोसम तुझा आहे.

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेजाऱ्याने सांगायला सुरुवात केली: फुजीच्या पायथ्याशी पाऊस, मार्गावर पाण्याचे ओहोळ, धुकं, सुरुवात लांबत चाललेली, मग अखेर निशाण पडलं. इंग्रज पुढे निघाला. मागच्या गाड्यांना पुढच्या गाड्यांनी उडवलेल्या पाण्याशिवाय काही दिसेना. दोन फेऱ्या झाल्या आणि ऑस्ट्रियावाल्याची गाडी वळून आपल्या मेकॅनिकांपाशी येऊन उभी राहिली.

शेजारी थांबला. त्याने कागद उलटा केला, परत सुलटा केला.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "इंजिन गेलं?"

पुणेकरांनी शेजाऱ्याकडे बघून हलकेच मान डोलावली. हो म्हण, असा अर्थ होता.

"नाही अण्णा," शेजारी म्हणाला. "इंजिन ठणठणीत होतं. तो म्हणाला, समोरचं दिसत नाही, अशात मी चालवणार नाही. त्याचा इंजिनिअर म्हणाला, आपण इंजिन बिघडलं असं सांगू या. तो म्हणाला, नको. खरं आहे ते सांगा." मग त्याने उरलेली शर्यत सांगितली: पाऊस थांबला, मार्ग वाळत गेला, इंग्रजाचा टायर गेला, तो पाचव्या नंबरवर घसरला, शेवटच्या फेऱ्यांत तिसरा आला, आणि आपण जिंकलो हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. चार गुण. एकोणसत्तर विरुद्ध अडुसष्ट. तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

वहिनी पोह्यांची पातेली घेऊन दारातच उभ्या राहिल्या. अण्णा फरशीवरच्या त्या उभ्या गाडीकडे बघत होते.

"आंबा घाट," ते म्हणाले. "श्रावणातली दुपार. धुकं असं की गाडीचं नाक दिसंना. गाडीत बेचाळीस माणसं. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन तास उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत तीन गाड्या घाट उतरून गेल्या. मागं लोक बोलायला लागले, ड्रायव्हर भ्याला."

"मग?" शेजाऱ्याच्या मुलीने विचारलं.

"डेपोत उशिराचं कारण लिहावं लागतं. कंडक्टर म्हणाला, धुकं लिहिलंत तर हसतील, ब्रेक लिहा. मी ब्रेक लिहिलं. ब्रेकला काय झालेलं नव्हतं. सकाळी एका मिस्त्रीनं ते तपासून सही केली होती. त्याला मेमो निघाला, मग बदली झाली. मी काय बोललो नाही." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मी त्यांचा मुलगा. ही हकिकत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"खरं सांगितल्यावर लोक काय म्हणाले त्याला?" अण्णांनी शेजाऱ्याला विचारलं.

"बरेच जण भित्रा म्हणाले."

"आणि पुढच्या साली?"

पुढचं साल गॅरेजमध्ये कधीच सांगितलं जात नाही. शहात्तर संपलं की खुर्च्या मिटतात. शेजाऱ्याने एक क्षणही घेतला नाही. "पुढच्या साली तोच जिंकला अण्णा."

अण्णांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "पोहे आणा." मग गॅरेजमध्ये जो गलका झाला, तो भिंतीपलीकडे माझ्या बायकोला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू गेला. पुणेकर म्हणाले, "सत्त्याहत्तरचं आम्हाला सात वर्षांत सांगितलं नाहीस." शेजारी म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत." मुलीने सहा चाकांची गाडी उचलून अण्णांना दिली. ती त्यांनी सामानात कपड्यांच्या मधे ठेवली. मंगळवारी त्यांना विमानतळावर शेजाऱ्यानेच पोहोचवलं, चोपन्नच्या वेगाने. मागून हॉर्न वाजत होते. अण्णा मागच्या सीटवर बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याच्या हातात मी गाडी दिली असती."

कोल्हापूरला पोहोचल्यावर आठवड्याभरात अण्णांनी त्या मिस्त्रींचा पत्ता काढला. ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि गारगोटीला मुलाकडे राहतात. अण्णा बसने गेले आणि ब्रेकचं सगळं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मला ठाऊक होतं. ब्रेक मीच बघितले होते." त्यानंतर काय बोलणं झालं, ते अण्णांनी सांगितलेलं नाही. पण पुढच्या रविवारी ते पुन्हा गेले, आणि त्या दिवशी मिस्त्रींच्या घरी ब्राझीलची शर्यत झाली. आता दर शनिवारी सकाळी शेजारी दुसऱ्या दिवशीची शर्यत फोनवर रेकॉर्ड करून अण्णांना पाठवतो. आमच्याकडे बर्फ पडलंय, गॅरेजमध्ये दोन गाड्या उभ्या आहेत, म्हणून त्यातल्याच एका गाडीत बसून तो ती सांगतो. मिस्त्रींनी इंग्रजाची बाजू घेतली आहे.

गेल्या रविवारी गारगोटीत सहावी शर्यत झाली, मोनॅकोची. तिच्यात इंग्रजाचं इंजिन निकामी झालं. इंजिनाचा नेमका कुठला भाग गेला, असं मिस्त्रींनी विचारलं आहे. शेजाऱ्याकडे ती माहिती नाही. तो शोधतो आहे.